चाकरमान्याची पन्नाशी : जोगेश्वरीतील मध्यवयाचा इतिहास

मध्यवयातील पेच, म्हणजे चाळीस ते पंचावन्न या वयात आपले काम, संसार आणि उरलेले आयुष्य यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो तेव्हा माणसाच्या वाट्याला येणारी अस्वस्थता, ही कल्पना मानसशास्त्रात फार जुनी नाही. मूळचे कॅनडाचे आणि लंडनमध्ये काम करणारे मनोविश्लेषक इलियट जॅक्स यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातून ‘मिडलाइफ क्रायसिस’ ही संज्ञा रूढ झाली. सुमारे ३१० चित्रकार, संगीतकार आणि लेखक यांच्या आयुष्यांचा धांडोळा घेऊन त्यांनी असे मांडले की, पस्तिशीच्या आगेमागे स्वतःच्या मृत्यूची जाणीव खरी वाटू लागते आणि त्या धक्क्याने माणसाची निर्मिती एकतर थांबते किंवा वेगळे रूप घेते. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेतील पत्रकार गेल शीही यांच्या ‘पॅसेजेस’ या पुस्तकाने ही चर्चा सामान्य वाचकांच्या घरांत नेली आणि पुरुषांइतकाच स्त्रियांच्या मध्यवयाचाही विचार केला. या दोन्ही मांडण्यांत पेच मनात उगवतो आणि नंतर घरादारावर पसरतो. मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः जोगेश्वरीसारख्या कष्टकरी वस्तीत, हा क्रम बहुतेक वेळा उलटा राहिला : पेच आधी कारखान्याच्या फाटकावर लागलेल्या नोटिशीतून आला, मग घराच्या खर्चात उतरला आणि सर्वांत शेवटी मनाच्या तक्रारीचे रूप घेऊन समोर उभा राहिला. त्यामुळे जोगेश्वरीतील मध्यवयाचा इतिहास लिहायचा तर तो वस्तीचा, नोकरीचा आणि घराच्या क्षेत्रफळाचा इतिहास म्हणूनच लिहावा लागतो.

मध्यवय हा आयुष्याचा स्वतंत्र टप्पा असणे हीच मुळात अलीकडची गोष्ट आहे. भारतातील जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान, म्हणजे नवजात बालक सरासरी किती वर्षे जगेल याचा अंदाज, १९५१ च्या सुमारास ३२ वर्षांच्या आसपास होते, १९८१ पर्यंत ते ५४ च्या आसपास पोहोचले आणि २०११ च्या सुमारास ६७ पर्यंत गेले. बालमृत्यू मोठ्या प्रमाणावर असल्याने जुना आकडा इतका खाली दिसतो आणि लहानपण निभावलेली माणसे तेव्हाही पन्नाशी-साठी गाठत असत, हे खरे. तरीही आपल्या हयातीत मुले मोठी होतील, त्यांचे संसार उभे राहतील आणि त्यानंतरही वीस-पंचवीस वर्षे हाताशी उरतील, अशी खात्री बाळगण्याची सोय मागच्या पिढ्यांना नव्हती. परंपरेने या वळणासाठी वर्षांचा आकडा नेमून दिला नव्हता. अंगावर सुरकुत्या आणि डोक्यावर पांढरे केस दिसू लागले, मुलाला मूल झाले, की गृहस्थाने वानप्रस्थ, म्हणजे संसारातून अंग काढून घेण्याचा आश्रम, स्वीकारावा असे मनुस्मृती सांगते. आणि लग्ने लहान वयात होत असताना नातवंडाचे तोंड चाळिशीतच दिसत असे. अरण्यात फारसे कोणी गेले नाही, परंतु शेत मुलाच्या आणि घराच्या किल्ल्या सुनेच्या हाती सोपवण्याची रीत शेतकरी कुटुंबांत टिकून राहिली, आणि या रीतीमुळे उतरणीला लागलेल्या माणसाला घरात एक ठरलेली जागा मिळत असे.

मुंबईत काम करणाऱ्या कोकणी माणसाने, म्हणजे चाकरमान्याने, याच रीतीला शहरी रूप दिले होते. रत्नागिरी जिल्ह्यातील तरुण सोळा-अठराव्या वर्षी मुंबईत येई, गावकीने भाड्याने घेतलेल्या सामायिक खोलीत, म्हणजे गाळ्यात, पथारी टाके, खाणावळीत जेवे, गिरणीत ‘बदली’ म्हणून, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशीच काम मिळणारा उमेदवार म्हणून, काही वर्षे काढी, मग कायम होई आणि पन्नाशीच्या पुढे-मागे आपल्या जागी मुलाला किंवा पुतण्याला चिकटवून गावी परते. बायको-मुले या सगळ्या काळात गावीच असत. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशे स्त्रिया होत्या, तर रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक, हे चित्र विसाव्या शतकात कायम राहिले आणि २०११ मध्येही तेथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. या आकड्यांमागे एका पुऱ्या आयुष्याचे वेळापत्रक उभे आहे. पंचेचाळिशीतील चाकरमान्याला आपण कुठे पोहोचलो आणि पुढे काय, हा प्रश्न पडत नसे असे नाही, पण त्याचे उत्तर गावाने आधीच देऊन ठेवलेले असे. त्याच वयातील त्याची बायको गावी सासू झालेली असे. मनिऑर्डरीच्या पैशावर आणि स्वतःच्या कष्टावर भाताची लावणी, गुरे, देणीघेणी आणि भावकीचे तंटे ती सांभाळत असे आणि वयाबरोबर तिचा शब्द वजनदार होत जाई.

या व्यवस्थेचा गौरव करण्याचे कारण नाही. नवरा-बायकोंनी उमेदीची वीस-तीस वर्षे शिमगा आणि गणपती यांच्या सुट्ट्यांपुरती एकत्र काढायची, क्षयाने खंगलेला माणूस मुदतीआधीच गावी पाठवायचा, शहरातील एकटेपणाला दारूने किंवा दुसऱ्या घराने उत्तर द्यायचे आणि त्याची किंमत गावातल्या बाईने मुकाट मोजायची, हाही त्याच वेळापत्रकाचा भाग होता. मात्र त्या वेळापत्रकाला शेवट होता, आणि जोगेश्वरीच्या वाढीने नेमका तोच पुसला गेला.

जोगेश्वरी हे नाव सहाव्या शतकात कोरलेल्या शैव लेण्यामुळे आणि त्यातील देवीमुळे प्रसिद्ध आहे, परंतु नागरी वस्ती म्हणून तिचे वय शंभर वर्षांच्या आतबाहेरचे आहे. साष्टी बेटावरील मजास, ओशिवरे, आंबोली या गावांच्या शिवारातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या, १९३० मध्ये येथील टेकडीवर इस्माईल युसूफ महाविद्यालय सुरू झाले आणि १९४९ मध्ये शेजारी आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द वाढवण्यात आली तेव्हा पश्चिम रेल्वेच्या बाजूने ती जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेच्या बाजूने भांडुपपर्यंत आली. १९५७ मध्ये ती दहिसर-मुलुंडपर्यंत सरकेपर्यंत, सात वर्षे, जोगेश्वरी हे शहराचे शेवटचे टोक होते. टोकाला जमीन स्वस्त असते आणि मोकळी असते. पुढच्या दोन-तीन दशकांत अंधेरी, मरोळ, गोरेगाव या पट्ट्यात यंत्रे, औषधे, रसायने आणि कृत्रिम धागा यांचे कारखाने आले, १९७३ मध्ये मरोळजवळ सीप्झ हे निर्यातीसाठी राखीव असलेले औद्योगिक क्षेत्र सुरू झाले आणि त्यांच्या आधाराने मजास, मेघवाडी, श्यामनगर, बेहरामबाग अशा वस्त्या दाटत गेल्या.

या वस्त्यांत एकटे पुरुष राहिले नाहीत, बिऱ्हाडे राहिली. गाळ्यातील पथारीवर बायको आणता येत नव्हती. टेकडीच्या उतारावर पत्रे आणि कुडाची का होईना, स्वतःची खोली बांधता आली की ती आणता येत होती. कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून आणि उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबांची मुले येथील पालिका शाळांत जाऊ लागली. १९७६ मध्ये सरकारने झोपड्यांची गणना करून ओळखपत्रे, म्हणजे ‘फोटोपास’, दिले, तेव्हा तर घर आणि माणूस कायद्यानेच एकमेकांना बांधले गेले, कारण झोपडी सोडली की हक्क सुटत होता. गावाकडचे घर भावाने वापरात घेतलेले, शेताचे तुकडे पडलेले, मुले शहरात वाढलेली, अशा स्थितीत पन्नाशीनंतर परतण्याचा बेत बोलण्यात राहिला आणि व्यवहारातून गेला. कुटुंब एकत्र आले हा मोठाच लाभ होता. त्याच वेळी, कामाचे वय सरल्यावर काय करायचे याचे गावाने दिलेले उत्तर नाहीसे झाले आणि त्याच्या जागी दुसरे कोणतेच आले नाही.

हे घडत असतानाच १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या परळ, लालबाग, वरळी, भायखळा येथे असल्या तरी उपनगरांत राहून लोकलने पाळी गाठणारे कामगार थोडे नव्हते. वेतनवाढ आणि बोनस यांच्याबरोबर १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याविरुद्धही हा लढा होता, कारण त्या कायद्याप्रमाणे एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक मान्यता मिळे आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला, आणि लाखाहून अधिक कामगारांची नोकरी कायमची गेली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत भरती झालेली पिढी तेव्हा चाळिशी-पन्नाशीत होती. साचा चालवण्यात हात बसलेल्या माणसाला त्या वयात भिवंडीचे यंत्रमाग, इमारतींची रखवालदारी, भाजीची गाडी आणि उपनगरांपुरतीच परवानगी असलेली रिक्षा, एवढेच मार्ग खुले होते. पगार कमी झाला हा त्यातील एक भाग. वीस वर्षांत कमावलेले कसब एका दिवसात बाजारातून उठले, हा त्याहून खोल जाणारा भाग होता.

संपाची आठवण जागती राहिली, पण त्यानंतर उपनगरी कारखान्यांत जे घडले ते शांतपणे घडले आणि म्हणून इतिहासात नीट नोंदलेही गेले नाही. औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ मध्ये घातलेल्या तरतुदींनुसार मोठा कारखाना बंद करण्यास किंवा कामगार कपातीस सरकारची पूर्वपरवानगी लागे, आणि ही मर्यादा पुढे तीनशे कामगारांवरून शंभरावर आणण्यात आली. परवानगी मिळवण्यापेक्षा कामगाराने स्वतःच राजीनामा देणे मालकाला सोयीचे होते, आणि त्यातून स्वेच्छानिवृत्ती योजना, म्हणजे ठरावीक रक्कम घेऊन मुदतीआधी नोकरी सोडण्याची सवलत, पसरली. आयकर कायद्याने अशा रकमेतील पाच लाख रुपयांपर्यंतचा भाग करमुक्त केला आणि नियमात अट घातली की कर्मचाऱ्याची सेवा दहा वर्षे झालेली असावी किंवा त्याचे वय चाळीस पूर्ण असावे. सरकारी बँकांनी २००० ते २००१ या काळात योजना आणली तेव्हा तेथेही पंधरा वर्षे सेवा किंवा चाळीस वर्षे वय हीच रेघ होती, आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. जॅक्स यांनी कलावंतांच्या मनात शोधलेली सीमा येथे राजपत्रात छापलेली आढळते. चाळिशी ओलांडलेला माणूस उद्योगाला नकोसा झाल्याची ती शासकीय नोंद आहे, आणि तिच्या नावातील ‘स्वेच्छा’ पुष्कळ ठिकाणी कागदापुरतीच होती, असे म्हणणे भाग आहे. हाती आलेली रक्कम एकरकमी पाहताना मोठी वाटे; मुलीचे लग्न, जुने कर्ज, गावच्या घरावरचे छप्पर किंवा नालासोपारा-विरारकडची खोली यांत ती गेली की महिन्याच्या पहिल्या तारखेला काही येत नाही, हे वास्तव उरे.

या वास्तवाचा भार घराच्या आकाराने वाढवला. पुनर्वसनाच्या योजनांत कुटुंबाला १८० चौरस फूट, नंतर २२५ आणि २००८ च्या सुमारास २६९ चौरस फूट जागा मंजूर होत गेली, आणि झोपडपट्टीतील खोल्या बहुधा त्याहूनही लहान होत्या. पुरुषाची पाळी हेच अशा घराचे घड्याळ होते : पहिल्या पाळीचा डबा, दुसऱ्या पाळीनंतरचे उशिराचे जेवण, तिसऱ्या पाळीनंतरची दिवसाची झोप. पाळी संपली तेव्हा दिवसा बायकांच्या वावराच्या असलेल्या खोलीत एक पुरुष कायमचा बसता झाला, आणि त्याला तेथे करण्यासारखे काही नव्हते, कारण घरकाम त्याने कधी केले नव्हते आणि करावे अशी अपेक्षाही कोणी बाळगली नव्हती. नाक्यावर, मंडळाच्या बाकड्यावर, देवळाच्या ओट्यावर दिवस काढणारे पुरुष त्यातून दिसू लागले. काही गुत्त्यावर गेले, आणि दारूने बेकारीइतकीच किंवा तिच्याहून अधिक घरे पोखरली. पगारातून मिळणारा कर्तेपणा गेल्यावर उरलेला हुकूम बायको-मुलांवर हात उगारून टिकवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा पुरुषाचा पेच घरातील इतरांसाठी धोका बनला.

स्त्रियांच्या वाट्याला याच वर्षांत दोन ओझी एकदम आली. भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्ती, म्हणजे मासिक पाळी कायमची थांबणे, सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी येते, पाश्चात्त्य देशांतील सरासरीपेक्षा चार-पाच वर्षे आधी. तिच्या आधीची काही वर्षे अतिरक्तस्राव, अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, सांधे धरणे आणि कारण नसताना भरून येणे, अशी जातात. नवऱ्याची नोकरी सुटली त्या वेळी पुष्कळ जणी नेमक्या या वयात होत्या, आणि त्याच वयात त्या पहिल्यांदा मजुरीसाठी घराबाहेर पडल्या. ऐंशीच्या दशकात जोगेश्वरीच्या पश्चिमेस लोखंडवाला आणि ओशिवऱ्याच्या इमारती उभ्या राहत गेल्या आणि तेथील धुणीभांडी, केरफरशी, स्वयंपाक यांसाठी वस्त्यांतील बायका जाऊ लागल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी चार घरची फरशी पुसायची आणि परत येऊन स्वतःच्या घरचा स्वयंपाक करायचा, असा तो दिवस होता. शीही यांनी वर्णिलेली अमेरिकन स्त्री पस्तिशीत मुलांच्या जबाबदारीतून सुटून नोकरीकडे वळत होती आणि ते वळण तिला मोकळे करणारे होते. जोगेश्वरीतील स्त्री पंचेचाळिशीत कामाला लागली ती कोणत्याही जबाबदारीतून न सुटता. तरी तिच्या हाती पैसा आला, भिशी आणि बचत गट तिच्या नावाने चालले, मुलीला पुढे शिकवायचे की नाही यावर तिचे मत विचारले जाऊ लागले, हेही तितकेच खरे आहे. गावच्या सासूला वयाने मिळणारा अधिकार शहरात तिने मजुरीने मिळवला, आणि तो जास्त महाग पडला.

मध्यवयीन गृहिणीने सार्वजनिक जीवनात उतरण्याची उपनगरांत एक परंपराही होती. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी काढलेल्या लाटणे मोर्चांत ज्या हजारो बायका आल्या, त्यांत चार मुलांचे संसार ओढणाऱ्या चाळिशीतल्या गृहिणींचा भरणा होता. मृणाल गोरे स्वतः तेव्हा ४४ वर्षांच्या होत्या. शेजारच्या गोरेगावात त्यांच्याच पुढाकाराने १९८३ मध्ये ‘स्वाधार’ हे पीडित स्त्रियांना सल्ला व आधार देणारे केंद्र सुरू झाले, १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष काढला, आणि त्याच वर्षीच्या कायद्यानुसार पुढे वांद्र्याला कुटुंब न्यायालय आले. मार, संशय, पैशाची अडवणूक, दुसरे लग्न, अशा तक्रारी घेऊन स्त्रिया या ठिकाणी येत. पंचवीस वर्षे संसार झालेली बाईही दाद मागू शकते, हे या संस्थांमुळे वस्तीला प्रथम कळले.

मुलांनी काय सोसले याची नोंद सर्वांत कमी आहे. थोरल्या मुलाची शाळा दहावीच्या अलीकडे-पलीकडे सुटली आणि तो कुरियर, रिक्षा किंवा केबलच्या कामाला लागला. मुलगी सीप्झमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि पुढे दागिन्यांच्या कारखान्यात गेली, जेथे तरुण मुलींच्या बोटांना मागणी होती आणि बापाच्या अनुभवाला नव्हती. जिच्या पगारावर घर चालते तिचे लग्न लांबते, हा नवा प्रश्नही याच घरांत उभा राहिला. त्यातच ८ जानेवारी १९९३ रोजी, बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतरच्या दंगलींत, जोगेश्वरी पूर्वेच्या राधाबाई चाळीतील घर पेटवून माणसे जाळण्यात आली, आणि त्या हिवाळ्यात दोन्ही धर्मांच्या कुटुंबांनी जीव मुठीत धरून आपापल्या बहुसंख्येच्या गल्ल्या गाठल्या. वीस वर्षे पै पै जोडून उभी केलेली खोली पडत्या भावाने विकून चाळिशी-पन्नाशीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणे, याला मध्यवयातील पेच म्हणायचे नाही तर दुसरे काय म्हणायचे?

समाजाने आपल्यापरीने काही उत्तरे शोधली आणि ती कमी लेखता येत नाहीत. वारकरी परंपरेत गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्य-मांस सुटते, आणि मध्यवयात माळ घालून दारूतून बाहेर आलेले पुरुष महाराष्ट्रभर आढळतात. नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये गोरेगावात सुरू केलेल्या श्री समर्थ बैठकी, म्हणजे आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी एकत्र बसून दासबोधाचे निरूपण ऐकण्याचा प्रघात, कोकणी कामगारवर्गात खोलवर रुजल्या. नोकरी गेलेल्या माणसाला तेथे वेळ पाळण्याचे कारण, बसायला जागा आणि चार माणसांत नाव मिळाले. ज्या काळात मानसोपचार हा वेडेपणाचा इलाज समजला जाई, त्या काळात ही सोय मोठी होती. या वाटेने स्त्रीचे काम कमी झाले नाही, पण घरातला मार थांबला, तर तिच्या दृष्टीने तेवढेही पुष्कळ होते.

आता गोरेगावच्या निरलॉन धागा कारखान्याच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाची संकुले आहेत, आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरील कचेऱ्यांत काम करणारा पंचेचाळिशीचा माणूस गृहकर्जाच्या हप्त्यांच्या आणि कपातीच्या सावटाखाली जगतो. त्याच्यासाठी समुपदेशक आहे, ‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्द आहे आणि त्यावर बोलण्याची मुभाही आहे. १९८२ मध्ये चाळिशीत असलेल्या पिढीकडे यांतले काही नव्हते. संपाच्या इतिहासात किती साचे थांबले आणि किती पुरुष बेकार झाले याची मोजदाद सापडते. त्या पुरुषांच्या बायकांनी कोणत्या वयात, कोणत्या दुखण्यांसह, कोणाच्या घरी काम धरले याची सापडत नाही, कारण कामगार म्हणून किंवा रुग्ण म्हणून त्यांची नोंद कोणी घेतली नाही. घरकामगारांसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा २००८ मध्ये झाला, तोवर त्यांतील बहुतेकींचे कामाचे वय संपले होते. मेघवाडी, मजास, श्यामनगर येथे त्या आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्या हकिकती लिहून घेण्याचे काम इतिहासाच्या अभ्यासकांनी आणि उपनगरातील महाविद्यालयांनी आताच हाती घेतले पाहिजे.